‘केमिकल’ म्हणजे नेमके कोणते, आणि किती?

फेब्रुवारी उजाडला की नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने द्राक्षांची दुकाने लागतात, आणि अलीकडे त्यांतल्या काहींवर ‘केमिकल फ्री द्राक्षे’ अशी पाटीही दिसते. गेल्या हंगामात माझ्या नववीतल्या भाच्याने ती पाटी वाचून विचारले, “मामा, केमिकल नाही, मग या द्राक्षांत आहे तरी काय?” प्रश्न थट्टेचा होता, पण चुकीचा नव्हता. शाळेच्या पुस्तकात पाणीसुद्धा रासायनिक संयुग असते, तर रस्त्यावरच्या पाटीवर ‘केमिकल’ म्हणजे सरळ विष असते. आणि या दोन भाषांचा मेळ कसा घालायचा हे मुलांना कोणी सांगत नाही.

मोठ्यांची अवस्था याहून वेगळी नाही. सिंहस्थ जवळ येऊ लागला की वर्तमानपत्रांतून गोदावरीच्या पाण्याचा ‘बीओडी’ छापून येतो, निर्यातीच्या हंगामात द्राक्षांतल्या ‘रेसिड्यू’ची, म्हणजे फवारलेल्या औषधांच्या मागे उरलेल्या अंशाची, चर्चा होते, आणि आपण आकड्यावरून नजर फिरवून पुढच्या बातमीकडे वळतो. या बातम्या वाचता येण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. कोणताही पदार्थ समोर आला की तो नेमका कोणता आणि तो किती आहे, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ उलगडा होतो.

चिवडा, मीठ आणि मोरचूद

जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. एकाच प्रकारच्या अणूंनी बनलेल्या पदार्थाला मूलद्रव्य म्हणतात. तांबे, लोखंड, गंधक, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये आहेत आणि आजवर अशी ११८ मूलद्रव्ये माहीत झाली आहेत. वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात एकमेकांना जोडले गेले की संयुग तयार होते; नुसतेच शेजारी शेजारी राहिले तर ते मिश्रण.

नाशिकचा चिवडा हे मिश्रण आहे. त्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढता येतात, तिखट कमी-जास्त करता येते आणि तरी तो चिवडाच राहतो. मीठ मात्र संयुग आहे. पाण्यात टाकताच पेट घेऊ शकणारा सोडियम हा धातू आणि श्वासातून गेल्यास फुप्फुसे जाळणारा क्लोरीन हा वायू यांच्या संयोगातून ते बनते, आणि आपण ते रोज आमटीत घालतो. मिठातून सोडियम वेचून काढता येत नाही आणि मिठाच्या अंगी त्या दोघांपैकी एकाचाही स्वभाव उरत नाही. त्यामुळे एखाद्या पदार्थात अमुक घातक मूलद्रव्य ‘असते’ एवढ्यावरून तो पदार्थ घातक ठरत नाही. ते मूलद्रव्य कोणाशी आणि कसे जोडलेले आहे ते पाहावे लागते.

तिसरे उदाहरण द्राक्षबागायतदाराच्या घरचे आहे. मोरचुदाचे निळेशार खडे हे तांबे, गंधक, ऑक्सिजन आणि पाणी यांचे संयुग असून एक किलो शुद्ध मोरचुदात सुमारे अडीचशे ग्रॅम तांबे असते. भांडी बाजारातल्या हंड्यात असते तेच हे तांबे, पण खडा हातात घेऊन कितीही निरखला तरी ते दिसणार नाही. ते तिथे आहे हे ओळखण्याची युक्ती पुढे येईलच.

न चिरलेला कांदा रडवत का नाही?

अणूंच्या जोडण्या मोडून नव्या जोडण्या होतात तेव्हा रासायनिक अभिक्रिया झाली असे म्हणतात. ती घडायला संबंधित पदार्थांची गाठ पडावी लागते. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी दिवसभर उभे राहिले तरी डोळ्यांतून पाणी येत नाही, कारण कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारे विकर, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, दुसऱ्या कप्प्यात असते. सुरीने पेशी फाटल्या की दोन्ही एकत्र येतात, काही क्षणांत एक उडून जाणारे गंधकाचे संयुग तयार होते आणि ते डोळ्यांपर्यंत पोहोचते. कांदा शिजवला की विकर निकामी होते, त्यामुळे उकडलेला कांदा कोणाला रडवत नाही. कांदा आधी थंड केला तर हे सारे मंदावते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून मग चिरण्याचा घरगुती सल्ला रसायनशास्त्राला धरूनच आहे.

विळ्यावर तांबूस थर कुठून येतो?

पावसाळ्यात द्राक्षवेलीवर डावणी, म्हणजे केवडा रोग येतो, आणि त्यावर बोर्डो मिश्रण फवारतात. या मिश्रणाचा जन्म फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यातला आहे. वाटेच्या कडेची द्राक्षे चोरून खाणाऱ्यांना किळस यावी म्हणून तिथले बागायतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. बाकीच्या वेलींची पाने डावणीने गळाली असताना या शिंपडलेल्या वेली हिरव्या राहिल्याचे १८८२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या नजरेस आले. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्याला घेतात, पण दोन्ही वेगवेगळे कालवून नंतर एकत्र करतात. नुसता मोरचूद फवारला तर पाने करपतात, कारण त्याचे द्रावण आम्लधर्मी असते आणि त्यात विरघळलेले तांबे पानाला थेट भिडते. चुना आम्लारी आहे. म्हणजे तो आम्लाचा प्रभाव नाहीसा करतो. आम्ल आणि आम्लारी यांच्या मोजपट्टीला सामू म्हणतात: सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. पुरेसा चुना पडला की सामू सातच्या आसपास किंवा थोडा वर जातो, तांबे पाण्यात विरघळलेले न राहता बारीक निळसर साक्यात बांधले जाते, पानाला चिकटून बसते आणि तिथून अगदी थोडे थोडे सुटत राहून बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाही.

चुना पुरेसा पडला की नाही हे कसे कळावे? जुने बागायतदार मिश्रणात लोखंडी विळा किंवा सुरी थोडा वेळ बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. सामू पाहणारी कागदी पट्टी आता सहज मिळते आणि ती अधिक भरवशाची आहे, पण विळ्याची परीक्षा मला अधिक आवडते, कारण शाळेत कंटाळवाणा वाटणारा एक आख्खा धडा तीत सामावलेला आहे. लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणजे अभिक्रियेला अधिक उतावीळ असते. विरघळलेले तांबे शिल्लक असेल तर लोखंडाचा एक अणू द्रावणात उतरतो आणि तांब्याचा एक अणू त्याची जागा घेऊन पात्यावर बसतो. एसटीच्या गर्दीत एकाने उठावे आणि दुसऱ्याने ती जागा पकडावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे जागा घेणारा उठणाऱ्यापेक्षा जड असतो: तुलनेने लोखंडाच्या अणूचे वस्तुमान ५६ धरले तर तांब्याच्या अणूचे ६३.५ भरते.

मोरचुदात तांबे असते याचा पुरावा तो हाच. मोरचूद लोखंडी पिंपात न कालवता प्लास्टिकच्या पिंपात कालवावा असे का सांगतात, याचे उत्तरही याच अदलाबदलीत आहे. लोखंडी पिंपात तांबे पिंपालाच चढेल आणि पिंप मात्र झिजत जाईल.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का लावतात, हेही आता वेगळे सांगावे लागू नये. ताकातले किंवा चिंचेच्या सारातले आम्ल भांड्यातले तांबे अन्नात उतरवते आणि ते कळकते. कथलाचा पातळ थर आम्ल आणि तांबे यांची गाठ पडू देत नाही. त्याच चिंचेने आपण तांब्याचा कळकट गडू घासून लख्ख करतो, आणि चिंचेतले टार्टारिक आम्ल हेच द्राक्षातलेही मुख्य आम्ल आहे.

काहीही नाहीसे होत नाही, मग साखर गेली कुठे?

अभिक्रियेत अणूंची मांडणी बदलते, अणू नवे जन्मत नाहीत आणि मरतही नाहीत. फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद भांड्यांतल्या अभिक्रिया आधी आणि नंतर काट्यावर तोलून हे ठामपणे मांडले. सरकारी करवसुलीत भागीदार असलेल्या या शास्त्रज्ञाचा १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिरच्छेद झाला, पण त्यांचा हिशोब टिकला.

नाशिक परिसरातल्या वायनरीत हा हिशोब रोज चालतो. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव खातात आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे आंबले तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो, आणि ९२ अधिक ८८ म्हणजे पुन्हा १८०. साखर ‘गेली’ नाही. निम्मी टाकीत राहिली, निम्मी हवेत सुटली.

एवढी साखर साधारण एका लिटर गोड रसात असते आणि तिच्यापासून सुटणारा वायू चाळीस लिटरांहून अधिक जागा व्यापतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो आणि दिसत नाही. त्यामुळे आंबवण्याच्या टाकीत तपासणीशिवाय उतरणे जिवावर बेतू शकते. ‘नैसर्गिक’ रस, ‘नैसर्गिक’ यीस्ट, आपल्या श्वासातूनही बाहेर पडणारा वायू. धोका त्याच्या जातीत नसून साचलेल्या प्रमाणात आहे.

चिन्हे आणि तक्ते पाठच करावे लागतात ना?

थोडे करावे लागतात, जसे पाढे करतो तसे. तांब्याला ‘सीयू’ का म्हणायचे, हा मुलांचा त्रागा योग्यच आहे. ते क्युप्रम या लॅटिन नावातून आले आहे आणि सोडियमचे ‘एनए’ नॅट्रियममधून. ही लघुरूपे वाण्याच्या यादीसारखी आहेत, कळली की धाक राहत नाही.

मूलद्रव्यांच्या तक्त्याबद्दल मात्र आपण मुलांवर खरोखर अन्याय करतो. पाठांतराचा मजकूर म्हणून भिंतीवर टांगलेला हा तक्ता मुळात अंदाज बांधण्यासाठी आहे. रशियाच्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये त्या वेळी ज्ञात असलेली मूलद्रव्ये गुणधर्मांनुसार मांडली तेव्हा काही घरे रिकामी सोडली, आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या घरात कोणत्या गुणांचे मूलद्रव्य सापडायला हवे हेही लिहून ठेवले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि ते त्या घरात चपखल बसले. सुटलेल्या शब्दकोड्याचा पूर्ण भरलेला चौकोन मुलांच्या हाती देऊन तो पाठ करा म्हणण्यात काय हशील आहे?

नैसर्गिक ते चांगले, कृत्रिम ते वाईट, हे तरी खरे ना?

द्राक्षबागेत ज्याला सगळे ‘जीए’ म्हणतात, ते जिबरेलिक आम्ल पाहा. जपानमध्ये भाताची काही रोपे बेसुमार उंच वाढून कोलमडत. शेतकरी त्या रोगाला ‘खुळे रोप’ अशा अर्थाचे नाव देत. १९२६ साली शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवले की भातावरची एक बुरशी जो पदार्थ सोडते त्याने ही वाढ होते. पुढे कळले की त्याच जातीचे पदार्थ वनस्पती स्वतःही तयार करतात आणि फळात ते मुख्यतः बियांमधून येतात. थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षाचा मणी लहान राहतो तो यामुळे, आणि तो फुगावा म्हणून घड जीएच्या द्रावणात बुडवतात किंवा त्यावर फवारतात. बाजारातले जीए आजही त्या बुरशीला टाक्यांमध्ये वाढवूनच काढतात. आता याला नैसर्गिक म्हणायचे की कृत्रिम? रेणूला, म्हणजे जोडल्या गेलेल्या अणूंच्या त्या गटाला, तो बियाणातून आला की टाकीतून आला याची आठवण नसते.

उलट बाजूने पाहिले तर धोतरा आणि कण्हेर पूर्णपणे नैसर्गिक आहेत, त्यांना कोणी खत घालत नाही की फवारणी करत नाही, आणि दोन्ही माणसाला मारू शकतात.

मग द्राक्षांतल्या औषधांची भीती उगाचच का?

नाही. फवारणीची औषधे निरुपद्रवी आहेत असे कोणी या लेखातून काढू नये. हातमोजे आणि मास्क न घालता फवारणी करणाऱ्याला त्यांचा त्रास होतो, आणि फवारणी ते काढणी यांत किती दिवस जायला हवेत हे पाळले नाही तर खाणाऱ्याच्या पोटातही ती जातात. म्हणूनच ‘केमिकल आहे की नाही’ या प्रश्नापेक्षा कोणते आणि किती हा प्रश्न अधिक कडक आहे. त्याला पाटी लावून उत्तर देता येत नाही, मोजूनच द्यावे लागते.

२०१० साल जिल्ह्यातल्या बागायतदारांच्या लक्षात आहे. वेलीची पालेदार वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागेत ‘सीसीसी’ म्हणतात, त्याचा अंश युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यात अडकून पडली. मर्यादा होती एका किलोला ०.०५ मिलिग्रॅम. हा आकडा कागदावर नुसता बारीक वाटतो, पण गुणाकार करून पाहिला तर वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मीठ. इतके थोडे शोधून काढणारी यंत्रे आता आहेत, आणि त्यांचे आकडे वाचताना दोन्ही टोके सांभाळावी लागतात. औषधाचा अंश ‘सापडला’ म्हणजे विषबाधा झाली असे नव्हे, कारण यंत्राला जे दिसते ते शरीराला बाधेलच असे नाही. दुसरीकडे, मर्यादा म्हणजे कागदी अडवणूक, हेही म्हणता येत नाही, कारण लहान मुलेही द्राक्षे खातात आणि मर्यादा ठरवणाऱ्यांनी पुरेसे अंतर राखूनच रेघ ओढायची असते. त्या वर्षी कित्येकांचे नुकसान झाले ते पदार्थ माहीत होता पण त्याचा मागे उरणारा अंश मोजला गेला नव्हता म्हणून.

गोदावरीच्या बातमीतला ‘बीओडी’

पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि मासे त्यावर जगतात. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू कुजवतात आणि ते करताना हा ऑक्सिजन वापरतात. एक लिटर पाण्यातली घाण ठरावीक दिवसांत किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खाईल, त्या मापाला बीओडी म्हणतात. स्नानयोग्य पाण्यासाठी बीओडी तीन किंवा त्याहून कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन पाच किंवा त्याहून अधिक असावा, असा निकष आपल्या देशात आहे. आठांतून तीन गेले तर पाच उरतात, इतके हे गणित सरळ आहे.

आता समजा एखाद्या नाल्याच्या पाण्याचा बीओडी तीस आहे. पंगतीत आठ पाने मांडली आहेत आणि तीस पाहुणे येऊन बसले आहेत, अशी ती स्थिती. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात मिसळतो खरा, वाहत्या आणि उसळत्या पाण्यात अधिक मिसळतो, पण साचलेल्या पाण्यात तो पुरा पडत नाही. ऑक्सिजन संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू काम हाती घेतात, गंधकाची संयुगे मोडून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, पाणी काळवंडते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. सांडपाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट हे तर वनस्पतींचे खतच आहे, त्यामुळे पात्रात पाणवेली पसरतात आणि त्या कुजल्या की पुन्हा ऑक्सिजनच खातात.

“निर्माल्य तर फुलांचेच असते, त्यात कुठे केमिकल आहे?” हा आक्षेप काठावर हमखास ऐकू येतो. झेंडूचे फूल नैसर्गिक आहे, बिनविषारी आहे, आणि तरी ते पाण्यात कुजताना ऑक्सिजन खाते. एका फुलाने नदीचे काही बिघडत नाही. पर्वणीला लाखो माणसे येतात तेव्हा प्रश्न फुलाच्या जातीचा उरत नाही, संख्येचा होतो.

पण मुलाला रसायनशास्त्रात जायचेच नसेल तर?

त्यालाही घरात संडास धुवायचा आहे. फरशी आणि संडासाचे भांडे चकचकीत व्हावे म्हणून आम्ल असलेला क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतणारी माणसे शिकलेल्या घरांतही असतात. त्या दोघांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू सुटतो आणि दार लावलेल्या लहान न्हाणीघरात तो फार धोकादायक ठरतो. दोन चांगली ‘औषधे’ मिसळली तर दुप्पट चांगले होईल, या समजुतीमागे चिवड्याचा हिशोब आहे, मिठाचा नव्हे.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर मी खिळ्यापासून म्हणेन. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम मोरचूद विरघळवावा. तो विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातले भांडे घेऊ नये, हात लगेच धुवावेत आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून, मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून त्यात सोडावा. अर्ध्या तासात खिळा तांबूस होईल. मग तो थर न खरवडता हलकेच बाहेर काढून वाळवावा आणि पुन्हा तोलावा. मात्र खिळा हलका होईल की जड, याचा अंदाज प्रत्येकाने त्याआधी वहीत लिहून ठेवावा. माझ्या भाच्याने ‘हलका’ असे लिहिले आहे, कारण लोखंड तर विरघळून जाते, असे त्याचे म्हणणे आहे. ५६ आणि ६३.५ हे दोन आकडे मी त्याला अजून दाखवलेले नाहीत.